बापू खांबेट्यांचे तेरा पिक अप

"इंग्रजी भाषेला कुलूप एकच आहे प्रभा, आणि त्याची किल्ली माझ्या खिशात आहे!" बापू खांबेट्यांनी जाहीर केलं.

"किल्ली राहू द्या तिथंच. आधी पलंगावरचा तो ओला टॉवेल उचला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या वेळी बापूंच्या अंगात जो पायजमा होता त्याला खिसाच नव्हता. पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी अडणारा हा माणूस नव्हे. विमा कंपनीच्या प्रशासन विभागात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला, वस्तुस्थिती आणि कागद यांत मोठं कोण, हे पक्कं ठाऊक असतं. बापू मूळचे पेणचे. बदलीवर तीन वर्षांसाठी म्हणून जयपूरला आले, त्याला आता तीस वर्षं झाली. आदर्श नगरात घर बांधलं, इथूनच निवृत्त झाले, आणि निरोपसमारंभात कचेरीतल्या मंडळींनी शाल-श्रीफळाबरोबर त्यांना त्यांचा लाडका रबरी शिक्काही देऊन टाकला. सगळा कारभार कॉम्प्युटरवर गेल्यामुळे त्या बिचाऱ्याला तिथं कुणी विचारत नव्हतं. शिक्क्यावर इंग्रजीत अक्षरं होती : 'फॉर इमिजिएट अ‍ॅक्शन'. म्हणजे, तत्काळ कार्यवाही व्हावी. घरी आल्यापासून बापूंनी तो वाण्याच्या यादीवर मारला, इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीवर मारला, एकदा तर सत्यनारायणाच्या आमंत्रणावर मारला. लोक पूजेच्या तासभर आधीच येऊन बसले!

आता ही इंग्रजीची किल्ली मधेच कुठून निघाली, ते सांगतो.

खांबेट्यांचा मुलगा अभिजित जगतपुऱ्यात इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो. सून ज्ञानदा डॉक्टर. दोघांनी तिकडेच फ्लॅट घेतला आणि आदर्श नगरच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. नात अवनी मात्र शाळा सुटली की आजी-आजोबांकडे असायची आणि संध्याकाळी बाबाबरोबर परत जायची. एक दिवस रत्नप्रभाबाईंच्या मनात आलं, वरच्या दोन खोल्यांत परदेशी पाहुणे ठेवावेत. जयपुरात पर्यटकांना काय तोटा? त्यांनी कुणाला न विचारता फाटकावर एक पाटी लावली, 'रत्नप्रभा होम-स्टे'. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं नाव दारावर लागण्याची ही पहिलीच वेळ. पाटी लागल्यापासून त्या रोज सकाळी फडक्याने ती पुसायच्या आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून मग ती एकदा वाचायच्या.

अभिजितला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती.

"आई, बोलणार कोण त्यांच्याशी? तुझं इंग्रजी 'यस-नो'च्या पुढे जात नाही, आणि बाबांचं 'युवर्स फेथफुली'च्या अलीकडे येत नाही! मतलब, उद्या कुणी वाईट लिहिलं त्या वेबसाइटवर, की संपलं. त्यापेक्षा हे घर विकू. आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर एक फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, गार्डन आहे…"

"पाटी लावता येते का तिथं?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"सोसायटी परवानगी देत नाही."

शेवटी तडजोड झाली. संक्रांतीपर्यंतची मुदत. तोवर एक तरी पाहुणा येऊन खूश होऊन गेला पाहिजे आणि त्याने तसं लिहिलं पाहिजे. नाहीतर पाटी काढायची, घर विकायचं, आठव्या मजल्यावर जायचं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खरोखरच एका पाहुण्याचं बुकिंग आलं. फिनलंडचा माणूस. एकटा. दहा दिवसांसाठी!

पाहुणा यायला आठ दिवस होते. बापूंनी शब्दकोश उघडला तो 'पी' अक्षरावर, आणि तिथं त्यांना ती किल्ली सापडली.

"पिक अप!" ते म्हणाले. "हे एक क्रियापद आलं की इंग्रजी आलं. फोन उचलणं, पिक अप. बूथवरून दूध आणणं, पिक अप. अवनीला शाळेतून आणणं, पिक अप. सायकलने वेग घेणं, पिक अप. रेडिओला स्टेशन लागणं, पिक अप. सर्दी होणं, पिक अप. पोलिसांनी एखाद्याला धरून नेणं, तेही पिक अप!"

"अगं बाई! मग बाकीची भाषा कशाला ठेवली त्यांनी?"

"हौस! नुसती हौस! आता तू फक्त बघ. माझी पद्धत अशी, की अर्थ जिथं घडतो तिथंच त्याची चिठ्ठी. येता-जाता वाचायची. आठ दिवसांत फाडफाड बोलायला लागशील."

त्याच दुपारी बापूंनी सुवाच्य इंग्रजीत तेरा चिठ्ठ्या लिहिल्या. दुधाच्या पिशवीच्या खिळ्यावर चिठ्ठी : 'बूथवरून दूध पिक अप करा.' फोनच्या टेबलावर, रेडिओवर, व्यायामाच्या सायकलवर, खिडकीवर. रत्नप्रभाबाईंनी चार वर्षांपूर्वी अवनीसाठी विणायला घेतलेला एक स्वेटर टोपलीत अर्धवट पडला होता. त्यावर चिठ्ठी : 'सोडलं होतं तिथून पिक अप करा.' छत्रीच्या खुंटीवर : 'अवनीला शाळेतून पिक अप करा.' आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, उदाहरण म्हणून : 'पोलिसांनी फाटकाजवळ एका माणसाला पिक अप केलं.'

इथवर सगळं शैक्षणिक होतं. पण हाताची सवय वाईट! वेळ न घातलेला कागद म्हणजे रद्दी, हे बापूंचं कचेरीतलं ब्रीद. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक पडला, कोपऱ्यात वेळ पडली : दुधाला सकाळी सहा, शाळेला दुपारी सव्वा. खाली झोकदार सही झाली. आणि सहीशेजारी लाल शाईत दणदणीत शिक्का : फॉर इमिजिएट अ‍ॅक्शन! कुणाला उद्देशून, ते मात्र कुठंच लिहिलं नाही. घरात विद्यार्थिनी एकच, तिचं नाव काय लिहायचं?

"पाहुणा यायच्या आत काढा हं ही भेंडोळी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"काढतो," बापू म्हणाले. कचेरीतही ते असंच म्हणत.

पाहुणा रविवारी आला. सहा फूट चार इंच उंची, पांढरी दाढी, पाठीला सॅक आणि काखेत प्लॅस्टिकची एक फाइल. नाव तापिओ. फिनलंडच्या टपाल खात्यात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. भरल्या घरात पाहुण्याला येता-जाता 'ताप' म्हणणं रत्नप्रभाबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याचं 'तात्या' करून टाकलं, आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

आल्या-आल्या तात्यांनी घरभर हिंडून भिंतीवरचे कागद वाचले. चष्मा लावून, सावकाश, एकेक. बापूंची छाती फुगली.

"बघितलंस? किती आस्थेनं वाचतोय! शिकलेला माणूस आहे."

सोमवारी सकाळी बापू उठले तर ओट्यावर दुधाच्या पिशव्या! आणि खिळ्यावरची चिठ्ठी गायब. पुढच्या दोन दिवसांत रेडिओला सूर लागलेला, सायकलवरची धूळ गेलेली, आणि तिथल्याही चिठ्ठ्या गायब. बापूंनी मनाशी हिशेब जुळवला. धडा पाठ झाला की प्रभा चिठ्ठी काढून टाकते आणि शिवाय कामही करते! केवढी ही पद्धतीची ताकद! त्यांनी मुद्दाम काही विचारलं नाही. विद्यार्थ्याला फार शाबासकी दिली की तो शेफारतो.

इकडे रत्नप्रभाबाईंनाही भरून आलं होतं. चाळीस वर्षांत ज्या माणसाने पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो सहा वाजता थंडीत उठून दूध आणतोय! सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्याही एकेक करून काढतोय! त्यांनीही काही विचारलं नाही. उगाच बोललं आणि थांबला तर?

अशा रीतीने दोघंही एकमेकांवर अतोनात खूश होते. असा सुवर्णकाळ त्या घरात पूर्वी आला नव्हता.

मंगळवारी अभिजितचा मोबाइलवर फोन आला.

"बाबा, घरचा फोन ते फिनलंडवाले का उचलतात?"

"मोकळा स्वभाव आहे."

"मोकळा? मला म्हणाले, नाव सांगा, काम सांगा, वेळ सांगा. लिहून घेतलं त्यांनी! मी स्वतःच्या घरी फोन केला आणि मला पोचपावतीचा नंबर मिळाला!"

"व्यवस्थित माणूस आहे," बापू कौतुकाने म्हणाले. फोनची पोचपावती ही कल्पना त्यांना छत्तीस वर्षांत सुचली नव्हती, याचंच त्यांना वाईट वाटलं.

बुधवारी तात्या शिंकत खाली उतरले. नाक लाल, डोळे पाणावलेले, चेहरा मात्र समाधानी. रत्नप्रभाबाईंनी सुंठीचा काढा केला आणि त्यांना स्वयंपाकघरातच स्टुलावर बसवलं. मटारचा हंगाम होता. परातभर शेंगा समोर होत्या. तात्यांनी न सांगता हात घातला आणि सोलायला लागले. मग ती रोजचीच बैठक झाली. बापू व्हरांड्यात ऊन खात पेपर वाचायचे, आतून शेंगांचा चटचट आवाज यायचा, अधूनमधून तात्यांची शिंक आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुण. दुपारी अवनी आली की तीही तिथंच बसायची.

"आजोबा," अवनी एकदा म्हणाली, "तात्यांना मराठी येतं. मला बोलले, 'बस, मटार खा.'"

"तुला काय येतं मग?"

"मला भी येतं. मी त्यांना शिकवते ना!"

अवनीचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी, हे सगळ्या जयपूरला ठाऊक होतं. बापूंनी हसून पान उलटलं.

आणि उगवला शनिवार.

दुपारी एक वाजता रत्नप्रभाबाई अवनीला आणायला निघायच्या बेतात होत्या. पर्स सापडत नव्हती. पर्सच्या आत 'पिक-अप कार्ड' होतं. हल्ली शाळाच हे कार्ड देते. त्यावर मुलाचा फोटो, पालकांचा फोटो. ते दाखवल्याशिवाय मूल कुणाच्या हाती देत नाहीत. पर्स शोधता शोधता बापूंचा मोबाइल वाजला. अभिजित होता, आणि त्याचा आवाज चिरका झाला होता.

"बाबा! शाळेतून फोन आलाय! कुणी एक परदेशी माणूस अर्धा तास गेटवर उभा आहे आणि अवनीला माझ्या ताब्यात द्या म्हणतोय! कार्ड नाही त्याच्याकडे. जा म्हटलं तर जात नाही. त्यांनी पोलीस बोलावलेत!"

"परदेशी? कोण परदेशी?" बापू म्हणाले आणि त्यांची नजर छत्रीच्या खुंटीकडे गेली. चिठ्ठी नव्हती. छत्रीही नव्हती!

सोमवारपासूनचं दूध, रेडिओ, सायकल, फोन, सगळं ओळीने बापूंच्या डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी आली ती खिडकीवरची चिठ्ठी क्रमांक अकरा.

"प्रभा," ते खोल आवाजात म्हणाले, "तात्यांना सर्दी कशी झाली गं?"

"पहाटे गच्चीत गार पाण्याने आंघोळ करत होते. दोन दिवस. मी म्हटलं, त्यांच्याकडची रीत असेल. का?"

चिठ्ठीवर बापूंच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'हिवाळ्यात सर्दी पिक अप करा.' खाली वेळ, सही आणि शिक्का!

आदर्श नगरच्या पोलीस चौकीत दोघं ई-रिक्षाने पोचले, तेव्हा तात्या बाकावर ताठ बसले होते. एका हातात बापूंची छत्री, मांडीवर फाइल. बाजूला अवनी पाय हलवत बिस्किट खात होती. शाळेच्या बाईंनी तिला सोबत आणून सोडलं होतं, कारण तिने 'ये तो हमारे तात्या हैं' असा घोष लावला होता.

"आजी, आम्ही पुलिसच्या जीपमध्ये आलो!" ती आनंदाने ओरडली.

टेबलामागे सब-इन्स्पेक्टर यमुना मीणा बसल्या होत्या. तिशीची, शांत आणि कडक बाई. त्यांनी फाइल आपल्याकडे ओढली आणि एक कागद वर काढला.

"बाऊजी, ये साइन आपके हैं?"

"जी."

"और ये मोहर?"

"जी… मोहर भी."

"तो आपने लिखित में आदेश दिया कि बच्ची को स्कूल से उठा लाओ. तत्काल. सवा बजे. ये आदमी साढ़े बारह से खड़ा था. चौकीदार ने मना किया, तो बोला, मोहर लगी है, बिना काम किए नहीं जाऊँगा. आप कौन से विभाग में अफ़सर हैं?"

"मी… मैं रिटायर हूँ, बेटी."

"रिटायर आदमी मोहर कहाँ से लगा रहा है?"

छत्तीस वर्षांत बापूंना एवढा अवघड प्रश्न कुठल्याही ऑडिटरने विचारला नव्हता.

तेवढ्यात अभिजित आला. हेल्मेटसकट आत शिरला, आधी अवनीला जवळ घेतलं आणि मग बापूंकडे वळला.

"बस, बाबा. बहुत झालं. संक्रांतीपर्यंत थांबायचीही गरज नाही. पाहुण्याला तुम्ही पोलीस चौकीत आणलंत! आता तो काय लिहिणार? मी आजच ब्रोकरला फोन करतो."

बापूंनी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. त्या अभिजितकडे बघत नव्हत्या, बापूंकडेही नाही. त्या तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि इंग्रजीत बोलायला लागल्या!

"तात्या, सॉरी. माझी चूक. हे कागद तुमच्यासाठी नव्हते. नवरा मला इंग्रजी शिकवत होता. तुम्ही पाहुणे. पाहुण्याने काम करायचं नसतं. तुम्ही थंडीत दूध आणलंत, मला माहीत नव्हतं. मला वाटलं, नवरा आणतो."

शेवटच्या वाक्यावर सब-इन्स्पेक्टरबाईंनी बापूंकडे एक कटाक्ष टाकला. पण बापूंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आ वासून बायकोकडे पाहत होते. इंग्रजी काही अलंकारिक नव्हतं. काळ कुठला कुठं लागत होता. पण वाक्यामागून वाक्य येत होतं, न अडखळता, न लाजता!

"तुला इंग्रजी येतं?"

"चार दिवस मटार सोलतोय आम्ही. तोंड बंद ठेवून सोलायचे का? माझं चुकलं तरी तात्या हसत नाहीत. मग जमतं."

"म्हणजे माझ्या चिठ्ठ्या…"

"मी एकही वाचली नाही हो. लाल शिक्का बघितला की मला प्रीमियम थकल्याची नोटीस आठवते."

बापूंच्या पद्धतीचं असं जाहीर विसर्जन होत असताना तात्या मात्र टेबलाकडे वळले. त्यांनी फाइल परत घेतली आणि उघडली. आत दहा चिठ्ठ्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने बरोबरची खूण, तारीख, काम पूर्ण झाल्याची वेळ. सर्दीच्या चिठ्ठीवर शेरा : 'दुसऱ्या प्रयत्नात.' फाटकावरच्या चिठ्ठीवर मात्र काही नव्हतं. तात्यांनी खिशातून पेन्सिल काढली. 'पोलिसांनी फाटकाजवळ एका माणसाला पिक अप केलं.' त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तिच्यावरही बरोबरची खूण केली.

"ही कशी करायची ते मला कळत नव्हतं," ते इंग्रजीत म्हणाले.

मग त्यांनी फाइल मिटली. चुकून हाती आलेलं खेळणं परत करायला लागलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"म्हणजे यातली एकही माझ्यासाठी नव्हती?"

रत्नप्रभाबाईंनी मागे वळून बापूंना मराठीत, हळू आवाजात सांगितलं, "यांची बायको रोज सकाळी फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवायची. पाव आणा, दिवा बदला, असली. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तेव्हापासून फ्रिज कोरा आहे म्हणाले. आपल्याकडे आले आणि घरभर चिठ्ठ्या!"

बापूंनी आयुष्यात हजारो कागदांवर सह्या केल्या होत्या. एखादा कागद कुणाला इतका हवासा वाटू शकतो, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

रत्नप्रभाबाई पुन्हा तात्यांकडे वळल्या. "दूध तुमचं," त्या ठणकावून इंग्रजीत म्हणाल्या. "उद्याही. सहा वाजता. आणि दोन पिशव्या नाही, तीन. खीर करणार आहे."

तात्या उठून उभे राहिले. छताचा पंखा थोडक्यात वाचला.

"तीन," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. मग अवनीकडे पाहून मराठीत म्हणाले, "चल. मटार खा."

"देखा पप्पा? मी शिकवलं!" अवनी म्हणाली.

अभिजितने हेल्मेट काढलं. ब्रोकरला फोन करायचा होता, पण तो केला नाही. सब-इन्स्पेक्टरबाईंनी बापूंकडून 'पुन्हा मोहोर लावणार नाही' असं लिहून घेतलं. बापूंनी ते लिहिलं, खाली वेळ घातली, सही केली आणि सवयीने खिशाकडे हात नेला.

"बाऊजी!"

"कुछ नहीं, कुछ नहीं. रुमाल ढूँढ रहा था."

तात्या ठरल्याप्रमाणे पुढच्या बुधवारी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी टोपलीतला स्वेटर पूर्ण करून दिला. त्यांच्या देशात मुलग्यांनाही शाळेत विणकाम शिकवतात म्हणे. चार वर्षांत अवनी वाढली होती, म्हणून त्यांनी बाह्या स्वतःच्या अंदाजाने लांबवल्या. अंदाज फिनलंडचा निघाला. अवनी अजून दोन्ही बाह्या चार-चार घड्या घालून तो घालते आणि कुणी हसलं तर भांडते.

आणि विमानात बसण्याआधीच त्यांनी वेबसाइटवर लिहिलं. अभिजितने ते मोठ्याने वाचून दाखवलं. पाचपैकी पाच तारे. 'हॉटेलात तुम्हाला किल्ली देतात. या घरात काम देतात. मला दूध, रेडिओ, एक स्वेटर आणि एक शाळकरी मुलगी सोपवण्यात आली होती. पोलीसही प्रेमळ आहेत. जेवण उत्तम. यजमानीणबाईंचं इंग्रजी मला सहज समजलं. यजमान कागदावर जास्त स्पष्ट आहेत.'

संक्रांतीच्या आत आणखी दोन बुकिंगं आली. एक हॉलंडचं जोडपं, एक कॅनडातल्या निवृत्त शिक्षिका. दोघांचीही विनंती एकच : आम्हालाही चिठ्ठ्या ठेवाव्यात. शिक्षिकाबाईंनी खास विचारलं होतं की मटारचा हंगाम कधीपर्यंत असतो.

फाटकावरची पाटी जागेवर राहिली. अभिजितने तिच्यावर एक छोटा दिवाही बसवून दिला, आणि रत्नप्रभाबाई आता ती उघडउघड, कुणी बघत असलं तरी वाचतात.

बापूंच्या अंगात तर वारं शिरलं. शेवटी यश कुणाचं? पद्धतीचं! संक्रांतीला तिळगुळाच्या समारंभात मराठी मंडळात व्याख्यान द्यायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. विषय : 'एक क्रियापद आणि जागतिक मैत्री'. अंघोळ करताकरताच त्यांना व्याख्यानाचा आरंभ सुचला, मध्य सुचला, टाळ्यांच्या जागा सुचल्या. पुढच्या पाहुण्यांसाठी आता पिक अप पुरायचं नाही. 'पुट अप' घ्यायचं! त्याचे तर शब्दकोशात आणखी अर्थ आहेत! ते लगबगीने केस पुसत बाहेर आले, टेबलाशी बसले आणि शिक्का घ्यायला खण उघडला.

शिक्का खणात नव्हता.

"प्रभा, माझा शिक्का कुठं गेला?"

स्वयंपाकघरातून नुसतं इंग्रजी ऐकू आलं. आत रत्नप्रभाबाई मोबाइलवर हॉलंडच्या बाईंशी बोलत होत्या आणि दोघी हसत होत्या. बापू शिक्का शोधत शोधत झोपण्याच्या खोलीत आले. पलंगावर त्यांनी आत्ताच टाकलेला ओला टॉवेल होता. टॉवेलाच्या बरोबर वर, भिंतीवर, चिकटपट्टीने लावलेली एक चिठ्ठी होती. क्रमांक चौदा. अक्षर वळणदार, इंग्रजी बिनचूक, लाल शिक्का दणदणीत.

'कृपया आपला टॉवेल पिक अप करा. – र. खांबेटे. वेळ : आत्ता.'